स्मृतिभ्रंश आणि वाहनाची चावी

नागपूरच्या दक्षिणेस असलेले बेसा हे मूळचे शेतीचे गाव. पुढे शेतांच्या जागी ले-आउट पडले, वस्ती वाढली. बाजार, दवाखाना, आप्तांची घरे यांसाठी शहराकडे जाणे-येणे नित्याचे झाल्याने स्कूटर वा मोटार ही घरोघरची गरज ठरली. अशा घरातील पतीस स्मृतिभ्रंश जडल्यास त्याचे वाहन केव्हा थांबवावे, हा कठीण प्रश्न पत्नीपुढे उभा राहतो. ती स्वतः वाहन चालवीत नसेल, तर या निर्णयाने तिचीही वाट अडते.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार देशातील साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे जवळजवळ ८८ लाख लोकांना, हा विकार आहे. त्यात हाताला जडलेली सवय बराच काळ टिकते. गिअर, ब्रेक यांचा वापर बिनचूक होतो. परंतु अंतराचा अंदाज, चौकातील त्वरित निर्णय व दिशेचे भान आधी ढळते. म्हणूनच "ते अजून उत्तम चालवितात" हा समज फसवा ठरतो.

लक्षणे कोणती?

परिचित रस्ता चुकणे, सिग्नलचा अर्थ उशिरा उमगणे, वाहनावर नवे ओरखडे दिसणे, ब्रेक व अॅक्सिलरेटर यांत गफलत होणे ही धोक्याची चिन्हे होत. नातवंडास त्यांच्या मागे बसविण्यास मन धजत नसेल, तर निर्णयाची वेळ आली असे समजावे. निदान होताच प्रत्येकाचे वाहन बंद करावे लागतेच असे नाही. मात्र ठरावीक काळाने फेरतपासणी आवश्यक असते. थायरॉइडचा विकार किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव यांमुळेही विस्मरण होते व ते उपचारांनी सुधारू शकते. म्हणून प्रथम वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.

कायदा काय सांगतो?

अनुज्ञप्तीची मुदत शिल्लक असणे हा क्षमतेचा पुरावा नव्हे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६ अन्वये, आजारामुळे चालक अपात्र असल्याचे मानण्यास सबळ कारण असल्यास परवाना अधिकारी वैद्यकीय प्रमाणपत्र मागू शकतो किंवा अनुज्ञप्ती रद्द करू शकतो.

चावी लपविण्यापेक्षा आरंभीच, रुग्णास समज असताना, त्यांच्याशी बोलणे श्रेयस्कर. डॉक्टरांनी लेखी सल्ला दिल्यास पत्नीवरील दोषाचा भार हलका होतो. ओळखीचा ऑटोरिक्षा, शहर बस, वर्धा मार्गावरील मेट्रो यांची सोय आधीच लावून द्यावी. वाहन सुटले तरी फिरणे सुटू नये. त्यांचा मान राखणे आणि रस्त्यावरील इतरांचे प्राण जपणे, ही दोन्ही कर्तव्ये अशा रीतीने एकत्र पार पाडता येतात.