असीर : लेकींनी जपलेला डोंगराळ प्रांत

सौदी अरब म्हटले की डोळ्यांसमोर मक्का, मदिना आणि वाळवंट येते. उमऱ्याला गेलेले, नोकरीनिमित्त तिथे वर्षानुवर्षे राहिलेले आपले कितीतरी लोक नैऋत्येकडचा असीर प्रांत न पाहताच परततात. सरवात पर्वतरांगेतले अबहा हे या प्रांताचे मुख्य शहर सुमारे २,२०० मीटर उंचीवर आहे. जवळच्या सौदा डोंगराची उंची ३,००० मीटरच्या आसपास. उन्हाळ्यात रियाध होरपळत असते, तेव्हा इथल्या जुनिपरच्या रानात धुके उतरते.

हा प्रदेश इतिहासातही मोठा आहे. खमीस मुशैतजवळ प्राचीन जुरश नगरीचे अवशेष आहेत. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळी मंजनीकसारखी युद्धयंत्रे बनवण्यासाठी जुरश प्रसिद्ध होते, तायफच्या वेढ्याच्या वेळी उर्वा बिन मसऊद ती विद्या शिकण्यासाठी इथेच आले होते, असे सीरतच्या ग्रंथांत येते. पुढे जुरशच्या लोकांनी इस्लाम स्वीकारला.

अबहाहून पश्चिमेला घाट उतरला की रिजाल अलमा हे गाव लागते. येमेनहून मक्केकडे जाणाऱ्या वाटेवरची ही जुनी पेठ. दगडी, अनेक मजली घरे गढ्यांसारखी उभी आहेत. गावकऱ्यांनी स्वतःच पुढाकार घेऊन इथे संग्रहालय उभारले.

मात्र असीरचे खरे वैभव घरांच्या आत आहे. पाहुण्यांच्या बैठकीच्या भिंतींवर बायका रंगीत त्रिकोण, चौकोन आणि रेघांची नक्षी काढतात. तिला ‘कत्त’ म्हणतात. भिंत रंगवायची म्हणजे घरची बाई नात्यागोत्यातल्या, शेजारपाजारच्या बायकांना बोलावणार. थोरल्या हात चालवणार आणि मुली पाहून शिकणार. सिमेंटची घरे आली आणि ही कला मागे पडू लागली. फातिमा अबू कहास यांच्यासारख्या जाणत्या कलावतींनी ती तरुण मुलींना शिकवली. २०१७ मध्ये युनेस्कोने ‘कत्त’ला जागतिक अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

किल्ले राजे बांधतात. पण पाहुण्यासाठी भिंत सजवण्याची रीत आईकडूनच लेकीकडे येते. आपल्याकडच्या गोधड्या, मेंदी, सणाचे पदार्थ यांचेही तसेच आहे. लेकींना शिकवले तरच ते उरेल.

जेद्दाहून अबहाला विमानाने साधारण तासाभरात पोहोचता येते. उमऱ्यानंतर दोन-तीन दिवस हाताशी असतील, तर व्हिसाचे सध्याचे नियम पाहून कुटुंबासह जरूर जावे. सोबत स्वेटर मात्र विसरू नये!