पायली, शीग आणि सरकारी शिक्का

सातपूरच्या कारखान्यांत आपले बांधव रोज मायक्रोमीटर हाती धरतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक पडला तरी जॉब रिजेक्ट होतो. पण तोच कामगार संध्याकाळी भाजीबाजारात उभा राहिला की काट्याकडे ढुंकूनही पाहत नाही! पिशवी पुढे करतो, पैसे देतो नि घरी येतो. वाचकहो, माप पाहणे ही कंजुषी नव्हे. मापाचा इतिहास हा आपल्या वाडवडिलांच्या घामाचाही इतिहास आहे.

आमच्या आजीच्या तोंडी किलो कधी बसलाच नाही. तिची सगळी गणती पायलीत. दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली. हिशेब सोपा, पण तो शेर केवढा? बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, मापे तर त्याआधीच बदलत. तराजूचा ८० तोळ्यांचा शेर आजच्या सुमारे ९३३ ग्रॅमचा, आणि असे ४० शेर म्हणजे मण, सुमारे ३७ किलो. धान्य मोजायचा शेर मात्र भांड्याचा. भांडे ज्याचे, माप त्याचे!

इथेच आपली माणसे नागवली गेली. वर्षभर गावकी करायची आणि सुगीत खळ्यावर बलुत्यासाठी उभे राहायचे. मोजणारा हात एकाचा, पदर पसरणारा दुसऱ्याचा. आजी सांगे, "घेताना पायलीवर शीग चढायची, देताना वरून हात फिरायचा." दाद मागायची कोणाकडे?

बाबासाहेबांनी हे दुखणे नेमके ओळखले. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. बलुत्याचे रूपांतर रोख पट्टीत व्हावे आणि ती सरकारने वसूल करावी, अशी त्यात तरतूद होती. म्हणजे आपली मजुरी गावाच्या मर्जीतून सोडवायची! ते विधेयक त्या वेळी मंजूर झाले नाही. पण पुढे त्यांच्याच अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घडविलेल्या संविधानात, संघसूचीच्या ५० व्या नोंदीत, वजनमापांची प्रमाणे ठरविण्याचा अधिकार केंद्राकडे आला. देशभर एकच माप होण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला.

फ्रान्समध्येही सरंजामदारांची मापे वेगवेगळी होती. राज्यक्रांतीनंतर १७९५ साली तिथे मीटर आणि ग्रॅम कायद्याने आले. आपल्याकडे तसा कायदा १९५६ साली झाला, नागपूरच्या धम्मदीक्षेच्याच वर्षी. १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलो टप्प्याटप्प्याने बाजारात आला आणि १ एप्रिल १९६२ पासून शेर-मणाचा व्यवहार बंद झाला.

तथागतांनी तर अडीच हजार वर्षांपूर्वीच हे सांगून ठेवले आहे. दीघ निकायातील ब्रह्मजाल सुत्तात तुलाकूट म्हणजे खोटा तराजू आणि मानकूट म्हणजे खोटे माप, यांपासून दूर राहण्याचा उल्लेख आहे. आपल्यातलेही कितीतरी जण हातगाडी लावतात, किराणा विकतात. सम्यक आजीविका त्यांनाही लागू आहे. दगडाचे वजन वापरणारा आपला असला तरी त्याला प्रेमाने टोकलेच पाहिजे.

माता-भगिनींनो, एवढे कराच. वजनावर वैधमापन खात्याचा शिक्का आहे का ते पाहा. लोखंडी वजनांची फेरतपासणी दोन वर्षांनी आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी व्हावी लागते. माल ठेवण्याआधी काटा शून्यावर आहे ना, ते बघा. पाकिटावरचे निव्वळ वजन आणि कमाल किंमत वाचा. ते काम शाळेत जाणाऱ्या मुलामुलींना द्या. फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

आजीच्या वेळी पायलीवर हात फिरला तरी तिला गप्प बसावे लागे. आपल्याला विचारण्याचा हक्क मिळाला आहे. तो काट्यासमोर उभे राहून वापरू या.

जयभीम!