जिल्ह्याची सरासरी आणि खोऱ्यांतली सायकल

सायकलने कामावर जाणाऱ्यांची संख्या वाढली की घटली, या प्रश्नाचे उत्तर देशाविषयी किंवा जिल्ह्याविषयी एका आकड्यात देता येते. परंतु भोर आणि वेल्हे या पुणे जिल्ह्यातील डोंगरी तालुक्यांपुरता तो आकडा फारसा उपयोगी पडत नाही, कारण ज्या सरासरीतून तो निघतो तिच्यात सह्याद्रीची अरुंद खोरी आणि पूर्वेकडची सपाट बागायत एकत्र मिसळलेली असते. 2011 च्या जनगणनेत कामाच्या ठिकाणाचे अंतर आणि तेथे जाण्याचे साधन यांची नोंद झाली, व त्यावरून देशाचा ‘साधनहिस्सा’, म्हणजे मोजलेल्या एकूण कामगारांपैकी कोणत्या साधनाने किती जण कामावर जातात याचे प्रमाण, काढता आले. त्यात सायकलचा वाटा सुमारे 13 टक्के, स्कूटर-मोटारसायकलचा जवळपास तितकाच, तर पायी जाणाऱ्यांचा 22 टक्क्यांहून अधिक होता.

या मोजणीत फक्त ‘इतर कामगार’ धरलेले आहेत. स्वतःची शेती कसणारे, शेतमजूर आणि घरगुती उद्योगांत काम करणारे लोक तिच्या बाहेर आहेत. शहरासाठी ही मर्यादा किरकोळ असली, तरी वेल्ह्यासारख्या तालुक्यात, जेथे 2011 मध्ये जेमतेम 54 हजार लोकवस्ती होती आणि भातशेती हाच बहुतेक घरांचा आधार होता, तेथे ती मोजणीचा पायाच काढून घेते. खाचरावर पायी जाणारी स्त्री किंवा गुरांसाठी वैरणीचा भारा सायकलच्या कॅरियरला बांधून आणणारा शेतकरी हे दोघेही कामावरच गेलेले असतात. पण तक्त्यात त्यांना जागा नाही.

सरासरीच्या पोटात केवढे अंतर मावते, याचे चांगले उदाहरण इंग्लंड आणि वेल्सच्या जनगणनेत सापडते. तेथे 2001 ते 2011 या दहा वर्षांत सायकलने कामावर जाणाऱ्यांचे प्रमाण 2.8 टक्क्यांवर जसेच्या तसे राहिले. या स्थिर आकड्याखाली लंडनमधील अशा सायकलस्वारांची संख्या सुमारे 77 हजारांवरून 1 लाख 55 हजारांवर गेली होती, केंब्रिजमध्ये तर हे प्रमाण 29 टक्क्यांच्या घरात होते, आणि 348 स्थानिक प्रशासकीय क्षेत्रांपैकी केवळ 146 क्षेत्रांत वाढ झाली होती. सपाट भूमी, विद्यापीठ आणि घराजवळचे काम जेथे एकत्र आले, तेथे सायकल टिकली.

पुणे जिल्ह्यात हाच भेद एका नदीच्या काठाने दिसतो. भोरजवळ वेळवंडी नदीवर 1928 मध्ये पूर्ण झालेल्या भाटघर धरणाचे पाणी नीरेच्या डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरच्या सपाट रानात जाते, आणि त्या रानात साधी सायकलही दूरवर सहज चालते. जेथून ते पाणी येते त्या वेळवंड खोऱ्यात, हिरडस मावळात, किंवा पलीकडे तोरण्याच्या पायथ्याशी असलेल्या कानद खोऱ्यात मात्र रस्ता चढत, उतरत आणि वळत राहतो. तोरणा 1,403 मीटर उंचीचा आहे. त्याच्या सोंडांमधून वाट काढणाऱ्या पाबे घाटासारख्या रस्त्यांवर सायकलस्वाराचा कस लागतो.

हा कस मोजूनही दाखवता येतो. वीस किलोची, गिअर नसलेली काळी सायकल आणि साठ किलोचा माणूस ताशी 10 किलोमीटर वेगाने सपाट रस्त्यावर चालला, तर त्याच्या पायांना सुमारे 30 वॉट शक्ती पुरते. परंतु रस्त्याला पाच टक्के चढ असेल, म्हणजे दर शंभर मीटरला तो पाच मीटर वर जात असेल, तर तोच वेग राखण्यासाठी 140 वॉटच्या आसपास, म्हणजे चौपटीहून अधिक शक्ती लागते. मागे दुधाच्या दोन किटल्या लटकवून 40 किलो वजन वाढवले की ही गरज 200 वॉटपर्यंत पोहोचते, जी अंगमेहनतीची सवय असलेल्या माणसालाही फार वेळ पेलत नाही, म्हणून तो खाली उतरून सायकल ढकलतो. उताराची अडचण वेगळी आहे: जुन्या सायकलीचे दांड्यांचे ब्रेक लोखंडी रिमवर घासून चालतात आणि रिम ओली झाली की त्यांची पकड जाते, आणि या खोऱ्यांत जूनपासून चार महिने रिम कोरडी राहत नाही.

त्यामुळे येथे सायकलचे युग येऊन ओसरले, असे म्हणण्यापेक्षा वरच्या खोऱ्यांत ते पुरते आलेच नाही, असे म्हणणे अधिक रास्त ठरेल. माणूस पायवाटेवरून एसटीकडे आला आणि तेथून मोपेड किंवा मोटारसायकलकडे गेला; 1972 मध्ये बाजारात आलेली लुना, पुढे बजाजची एम-80 आणि 1985 नंतरची हीरो होंडा यांनी चढाचा प्रश्न इंजिनावर सोपवला. भोर शहराची गोष्ट निराळी आहे. एकेकाळी पंतसचिवांच्या संस्थानाची राजधानी असलेल्या आणि 2011 मध्ये सुमारे 18 हजार वस्तीच्या या गावात बाजार, कचेऱ्या, शाळा आणि एसटीचे आगार इतके जवळजवळ आहेत, की तेथे सायकल मागे पडण्याचे कारण चढ हे नव्हे. तेथे दुचाकी स्वस्त कर्जावर मिळू लागली आणि पुढे कामच गावाबाहेर गेले.

देशभरात 2001 ते 2011 या काळात ग्रामीण भागातील सायकल असलेल्या घरांचे प्रमाण 42.8 वरून 46.2 टक्क्यांवर चढले आणि शहरी भागात ते 46.0 वरून 41.9 टक्क्यांवर उतरले, तर दुचाकी असलेली एकूण घरे 11.7 वरून 21 टक्क्यांवर गेली. मात्र घरात सायकल असणे आणि ती कामावर नेणे यांत फरक आहे. पुष्कळ घरांत ती शाळेत जाणाऱ्या मुलामुलींची असते, आणि मोठी माणसे दुसऱ्या वाहनाने जातात.

भोर-वेल्ह्यातील तरुणांचे काम आता मोठ्या प्रमाणावर पुणे-सातारा महामार्गाच्या कडेला, खेड शिवापूर आणि शिरवळ परिसरातील कारखान्यांत आहे. भोरहून कापूरहोळचा फाटाच चौदा-पंधरा किलोमीटरवर, तर वेल्ह्याहून नसरापूरजवळचा चेलाडी फाटा सुमारे 30 किलोमीटरवर. पुढे सहापदरी महामार्ग, अवजड मालमोटारी आणि रात्रपाळी. अशा प्रवासासाठी कोणी सायकल सोडली, तर त्याला हौसेचा अभाव म्हणणे अन्यायाचे होईल. रविवारी पुण्याहून कात्रज ओलांडून भारी गिअरच्या सायकलींवर येणारे गट पाहून येथे सायकल पुन्हा रुजली असा समज होतो, तोही तितकाच चुकीचा आहे. ती रपेट आनंदाची आणि आरोग्याची असली, तरी तिचा येथल्या रोजगाराशी संबंध नाही.

सायकलला येथे खरा वाव आहे तो घर ते जवळचा फाटा या तीन-चार किलोमीटरांत. 2021-22 मध्ये एसटी कर्मचाऱ्यांचा संप लांबला, तेव्हा स्वतःचे वाहन नसलेल्यांची केवढी कोंडी होते हे ग्रामीण महाराष्ट्राने अनुभवले. मार्च 2023 पासून महिलांना एसटीच्या तिकिटात निम्मी सवलत मिळाली, पण वाडीपासून फाट्यापर्यंतची पायपीट त्या सवलतीने कमी झालेली नाही. जनगणना प्रत्येकाचे एकच साधन नोंदवते, त्यामुळे हा पहिला तुकडा एसटीच्या किंवा कंपनीच्या बसच्या रकान्यात विरून जातो. आपल्याकडे 250 वॉटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी 25 किलोमीटरच्या आत चालणारी विजेची सायकल मोटार वाहन समजली जात नाही, म्हणून तिला नोंदणी किंवा परवाना लागत नाही. आणि वर मांडलेला हिशेब पाहता, चढावर कमी पडणारी शक्ती नेमकी एवढ्याच आकाराची मोटर भरून काढू शकते. त्यासाठी चेलाडी आणि कापूरहोळ येथे पावसापासून आडोसा असलेला, कुलूप लावण्याची सोय आणि रात्रपाळीतही दिवा असलेला सायकल थांबा हवा, आणि 1 मार्च 2027 या संदर्भ दिनांकाच्या जनगणनेतून प्रवासाचे तक्ते निघाले, तर ते तालुकावार छापले जायला हवेत.