मळसूत्री जीवाणूंची वंशावळ

वाशीम जिल्ह्यातील रिसोड मागे टाकून पश्चिमेकडे निघालेला प्रवासी बुलढाण्याच्या सरहद्दीत शिरला, म्हणजे लोणारचे खारे सरोवर लागते. उल्काघाताने बेसॉल्ट खडकात झालेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या विवरातील पाण्याचा सामू दहाच्या आसपास असूनही त्यात आर्थ्रोस्पायरा नावाचा नीलहरित जीवाणू असा माजतो, की पाण्याला हिरवा रंग चढतो. आणि त्यातला थेंबभर सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर पिळदार तंतू संथपणे सरकताना दिसतात.

पीळ दिसला की एकच कूळ मानावे, ही वहिवाट शास्त्रज्ञांतही होती. १८७७ च्या दुष्काळात मुंबईत आलेल्या क्षुधार्तांमध्ये उलटणाऱ्या तापाची साथ पसरली, तेव्हा ग्रे यांच्या शरीररचनाशास्त्राची चित्रे काढणारे डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी रुग्णांच्या रक्तात वळवळणारे जंतू पाहिले आणि १८८२ च्या आपल्या ग्रंथात त्या रोगाची नोंद 'स्पिरिलम ताप' अशी केली. निरीक्षण अचूक होते; कूळ मात्र परके लागले. स्पिरिलमचे कशाभ, म्हणजे हालचालीचे चाबकासारखे अवयव, टोकांशी, देहाबाहेर असतात, तर कार्टरांच्या जंतूचे ते बाह्य आवरणाच्या आत दडलेले असून त्यांच्या फिरण्याने सारा देहच गिरमिटासारखा पुढे सरकतो. लोणारच्या तंतूंना तर कशाभ मुळीच नाहीत.

या तंट्याचा निकाल विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लागला. कार्ल वूझ यांनी रायबोसोममधील आरएनएची अक्षरे ताडून वंश ठरविण्याची रीत घातली, तीत कार्टरांचा जंतू ज्यांत मोडतो ते स्पायरोकीट हे एक खरेखुरे घराणे ठरले. परंतु स्पिरिलम, जठरातील हेलिकोबॅक्टर आणि आर्थ्रोस्पायरा निरनिराळ्या शाखांवर जाऊन बसले. बाजारात आर्थ्रोस्पायराची भुकटी स्पिरुलिना म्हणून विकली जाते खरी, पण खऱ्या स्पिरुलिनाशीही तिचे निकटचे नाते नाही! तात्पर्य, जीवसृष्टीने हा पीळ अनेकदा, स्वतंत्रपणे घडविला. कफासारख्या दाट द्रवातून वाट काढण्यास तो सोयीचा पडतो, हे त्याचे एक कारण असावे.

खऱ्या स्पायरोकीटांतही भाऊबंदकी आहेच. कार्टरांचा बोरेलिया पोषणासाठी यजमानावर विसंबून असतो. पुष्कळ आधी वेगळा झालेला लेप्टोस्पायरा मात्र प्राणवायूच्या साहाय्याने मेदाम्ले जाळून ओल्या मातीतही तग धरतो, आणि म्हणूनच उंदराच्या वा गुराच्या मूत्राने दूषित झालेल्या चिखलातून अनवाणी चालणाऱ्याच्या पायाच्या भेगेतून तो शरीरात शिरतो.