नवं द्राक्षवाण सापडलंय?

लेण्याद्रीपासून नारायणगावपर्यंतच्या पट्ट्यात काळ्या द्राक्षांच्या बागा. त्यात एखादी वेल वेगळीच निघते, लांब मण्यांची. मग छाटणीच्या काड्या पाव्हण्यारावळ्यांत वाटल्या जातात किंवा थेट विकल्या जातात, आणि नोंदणीची आठवण नंतर होते. सोलापूरजवळच्या नान्नजच्या काळे कुटुंबाने निवडलेली सोनाका, शरद सीडलेस ही वाणं राज्यभर पसरली. तेव्हा संरक्षण देणारा कायदाच नव्हता.

आता आहे, 2001 चा. पेटंटच्या मागे लागू नका, भारतात वनस्पतींना ते मिळत नाही. वाणाची नोंदणी होते: द्राक्षवेलीला आधी 9 वर्षे, नूतनीकरण धरून एकूण 18. वाण इतरांहून वेगळं, एकसारखं आणि स्थिर हवं. शिवाय अर्जाच्या वेळी देशात त्याची विक्री सुरू होऊन वर्षाहून जास्त काळ झालेला नसावा. इथेच बहुतेकांची गाडी अडते.

गिऱ्हाईकही आधी पाहावं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचं एआरआय-516 हे वाण रस, जॅम, वाइनसाठी चांगलं. पण जवळ प्रक्रिया कारखानाच नसेल तर माल द्यायचा कुणाला?

शेतकऱ्यांनी विकसित केलेल्या वाणाला नोंदणी शुल्क माफ आहे. काडी कुणाला देण्याआधी नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा.