गुऱ्हाळ कुणाचे?

माळशिरसच्या मराठीच्या प्राध्यापकाने संगणकाच्या चिपांवर लिहावे, हा आगाऊपणा वाटेल. पण इंटेल कंपनीपुढचा पेच उसाच्या मुलखातल्या माणसाला चटकन उमगतो.

१९६८ साली नॉइस आणि मूर यांनी अमेरिकेत काढलेली ही कंपनी चिपचा आराखडाही आखते आणि ती घडवतेही. पिकवणे आणि गाळणे एकाच घरी! आमच्या तालुक्यातही सासवडहून आलेल्या माळी बागायतदारांनी १९३२ साली माळीनगरला स्वतःचाच साखर कारखाना काढला. त्यातली सोय आम्हांला कुणी सांगायला नको. आखणारा आणि घडवणारा शेजारी बसले, की एकाची अडचण दुसऱ्याला लगेच कळते.

मग बिघडले कुठे? १९८७ साली मॉरिस चँग यांनी तैवानात टीएसएमसी काढली, ती केवळ दुसऱ्यांच्या चिपा घडवण्यासाठी. गुऱ्हाळवाल्याचा स्वतःचा ऊस असला, की आधी तोच चरकात जाणार आणि शेजाऱ्याचा बांधावर वाळणार, ही भीती तिथे नव्हती. शिवाय आपला आराखडा प्रतिस्पर्ध्याच्या हाती कोण देईल? गिऱ्हाइके तैवानकडे लोटली, तिथला हात बसत गेला, इंटेल मागे पडली. २०२४ साली तिच्या कारखाना विभागाला सुमारे १३ अब्ज डॉलरांचा तोटा झाला. आणि त्याच वर्षी तिने आपल्याच काही चिपांचे मुख्य भाग टीएसएमसीकडून करून घेतले!

तेव्हा वाटण्या कराव्यात, असे पुष्कळ शहाणे म्हणतात. एएमडीने २००९ मध्ये केल्याच. आखणारे घर पुढे भरभराटले. पण वेगळी झालेली ग्लोबलफाउंड्रीज २०१८ साली सर्वांत सूक्ष्म चिपांच्या शर्यतीतून बाहेर पडली. ही उरलेली अर्धी गोष्ट सांगायला लोक विसरतात.

मला विचाराल तर हिशेब, कारभार, गिऱ्हाइकांच्या आराखड्यांवरची कुलपे, सारे वेगळे करावे; घर इतक्यात फोडू नये. २०२४ च्या हिशेबात इंटेलच्या कारखान्यांचे बहुतेक काम घरचेच होते. तो ऊस गेला, तर चरक फिरवायचा कशावर? अमेरिकेच्या सरकारलाही ही धास्ती असावी. ऑगस्ट २०२५ मध्ये कंपनीचे सुमारे १० टक्के भाग घेताना त्याने अट घातली, की कारखाना विभागातली इंटेलची मालकी ५१ टक्क्यांखाली गेली, तर सरकारला आणखी ५ टक्के भाग ठरल्या भावाने घेता येतील. वाटणीवर दंडच बसवला म्हणा ना!