इंग्रजी टाईपिंग येणाऱ्याने मराठी कळफलक कसा शिकावा

दरपत्रक, ग्रामपंचायतीचा अर्ज, बँकेला द्यायचे पत्र, शाळेच्या गणवेशाचे कोटेशन, हे सारे पूर्वी हाताने लिहून दिले तरी चालत असे. आता समोरचा माणूस म्हणतो, "मराठीत टाईप करून मेल करा." आमच्या पुष्कळ घरांत इंग्रजी टाईपिंगचे सर्टिफिकेट घेतलेला एखादा तरुण असतो, पण मराठीचे काम निघाले की त्यालाच आपण बाहेरच्या दुकानात पिटाळतो. आम्हीही तेच करत होतो आणि त्यापायी एकदा चांगला फटका बसला.

पिंपरी पेंढारसारख्या कल्याण-नगर रस्त्यावरच्या गावात कपड्याच्या दुकानाला दोनच हंगाम खरे, लग्नसराई आणि शाळा सुरू होण्याचे दिवस. तीन वर्षांपूर्वी एका शाळेने गणवेशाचे दर मराठीत मागवले. आम्ही ते बाहेरून टाईप करून घेतले, आमच्या संगणकावरून पाठवले आणि निवांत बसलो. शाळेत फाईल उघडली तर त्यात मराठीचा एक शब्द नव्हता, नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे एकमेकांवर पडलेली. मुदत टळली, ऑर्डर दुसरीकडे गेली. शिवण्यासाठी बोलून ठेवलेल्या तीन शिंप्यांना तो महिना रिकामा गेला, याचे आम्हाला अधिक वाईट वाटले.

चूक कुठे झाली ते मागून समजले. जुन्या मराठी फाँटमध्ये संगणकाच्या लेखी अक्षर इंग्रजीच असते, फक्त त्याच्यावर मराठीचा मुखवटा चढवलेला असतो. तो फाँट ज्या संगणकात नाही तिथे मुखवटा गळतो. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून ते कुठेही मराठीच दिसते. तेव्हा काम बाहेर द्या किंवा घरी करा, "युनिकोडमध्ये आहे ना?" हे पहिल्यांदा विचारा.

त्यानंतर आम्ही भाच्याला बसवले. तो महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची इंग्रजी 40 ची परीक्षा पास आहे, म्हणजे मिनिटाला 40 शब्द, तेही बटणांकडे न बघता. त्याने सुरुवात केली ती इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवण्याच्या सोप्या पद्धतीने. इंग्रजीत शब्द लिहायचा आणि संगणकाने अंदाजाने मराठी करून द्यायचा. दिवसाला दोन ओळींचा निरोप लिहिणाऱ्याला ही पद्धत पुरेशी आहे. पण तिच्यात इंग्रजीतला ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ तसाच राहतो. "दर" आणि "दार", "तर" आणि "तार" इंग्रजीत सारखेच लिहिले जातात. "माल पाठवला आहे" यातला काना पडला तर काय वाचले जाईल, हे वाचकांनीच पाहावे. आमच्याकडून तसे एक पत्र जाता जाता राहिले! शिवाय दर शब्दाला पडद्याकडे बघून निवड करावी लागते, मग टायपिस्टचा वेग राहील कुठे?

म्हणून आम्ही इनस्क्रिप्ट कळफलकाकडे वळलो. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने 1986 साली तो प्रमाण म्हणून ठरवला आणि 1991 च्या भारतीय मानकात त्याला जागा मिळाली. विंडोज संगणकात तो आधीपासून असतो, सेटिंगमध्ये जाऊन मराठी भाषा जोडायची एवढेच. पैसे पडत नाहीत.

पहिल्या दिवशी भाचा वैतागून म्हणाला, "मामू, हा कळफलक कुणीतरी डोळे मिटून बनवलाय." त्याचे कारण मजेशीर आहे. इंग्रजी "के"च्या बटणावर "क" आहे. त्याला वाटले, बाकीचेही असेच असणार. पण "पी"वर निघाला "ज", "एम"वर "स", "एच"वर "प" आणि "जे"वर "र". इंग्रजी टायपिस्टचा खरा अडथळा हाच आहे. एक अक्षर जुळते आणि फसवते. बटणावर छापलेले इंग्रजी अक्षर त्याने साफ विसरले पाहिजे.

विसरायचे नाही ते मात्र बोटांचे वळण. "एफ" आणि "जे" वरचा बारीक उठाव तोच, बसण्याची पद्धत तीच, कोणत्या बोटाने कोणते बटण दाबायचे तेही तेच. मांडणीत डोके आहे. काना, मात्रा, वेलांटी, उकार डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. त्यामुळे "कापड" लिहिताना क उजवीकडे, काना डावीकडे, मग प आणि ड उजवीकडे, अशी चार बटणांत सुटका होते. मधल्या ओळीत डाव्या बोटांखाली ओकार, मात्रा, पाय मोडण्याचे चिन्ह आणि पहिली वेलांटी येते. उजव्या बोटांखाली र, क, त, च. शिफ्ट दाबून मात्रेचे बटण मारले की पूर्ण स्वर मिळतो, म्हणजे काना तिथेच आ आणि उकार तिथेच उ.

शिफ्टची दुसरी खुबी आमच्यासारख्या उर्दू माध्यमात शिकलेल्यांना लवकर पटते. उर्दूत काफला दोन डोळ्यांची हे जोडली की ख होतो, गाफला जोडली की घ. इथे त्या "हे"चे काम शिफ्ट करते. क चा ख, त चा थ, द चा ध, प चा फ, ब चा भ. एक जोडी शिकली की दहा जोड्या आल्या. उर्दूचा कळफलक मात्र वेगळा शिकावा लागतो, ती उजवीकडून चालणारी लिपी आहे. पण गुजराती, कन्नड, बंगालीचे इनस्क्रिप्ट याच धर्तीचे आहेत, तिथेही क त्याच बटणावर. सुरतेशी व्यवहार असलेल्यांनी हे लक्षात ठेवावे.

आणखी एक गोष्ट आम्हाला उशिरा उमगली. जुन्या मराठी टाईपरायटरवर हात बसलेल्यापेक्षा इंग्रजी टायपिस्टला हे सोपे जाते. टाईपरायटरवर "कि" मधली वेलांटी आधी मारायची, कारण कागदावर ती आधी दिसते, आणि रफार अक्षर झाल्यावर चढवायचा. इनस्क्रिप्टमध्ये जसा उच्चार तसा क्रम, आधी क, मग वेलांटी. "खर्च" हा ख, र, पाय मोडणे, च असा. जुन्या टायपिस्टला वर्षांची सवय मोडावी लागते, इंग्रजीवाल्याला मोडायला काही नसतेच.

एका अक्षराने आम्हाला फार छळले. "व्यापाऱ्यांना" लिहिताना र चा पाय मोडून य दाबला तर रफार होऊन बसतो. तिथे शिफ्टसह "जे" दाबून ऱ घ्यायचा, मग पाय मोडायचा, मग य. कऱ्हाडचेही तसेच. दुकानांच्या पाट्यांवर हीच चूक सर्रास दिसते.

बटणांवर मराठी स्टिकर लावू नका असे आमचे मत आहे, ते लावले की नजर खाली जाते ती कायमची. तक्ता समोर भिंतीवर लावावा. सरावाला धड्यांपेक्षा धंद्याचे शब्द बरे, दर, मीटर, सुती, रेशीम, उधार, रोख, शिलाई. ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून भाषा बदलायची सवय करावी. बिलातले रकमेचे आकडे आम्ही इंग्रजीतच ठेवतो, एका बिलात दोन तऱ्हेचे आकडे नकोत.

पहिल्या आठवड्यात भाच्याचा वेग 40 वरून 8 शब्दांवर आला आणि तो पुन्हा सोप्या पद्धतीकडे पळू लागला. त्या दिवसांत आम्ही तातडीचे काम त्याला दिलेच नाही, रोज तासभर नुसता सराव. तिसऱ्या महिन्यात तो 25 वर पोचला. पुढच्या जून महिन्याच्या आत दोन शाळांची दरपत्रके त्याने दुकानातच टाईप केली आणि पाठवण्याआधी दुसऱ्याच्या मोबाईलवर उघडून पाहिली. एका शाळेचे काम मिळाले, त्याच तिघा शिंप्यांकडे गेले.